कठीण लाकडाचं पेन: ठोकळा निवडण्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत

एबनी, शिसव, कोकोबोलो, स्नेकवुड, लिग्नम व्हिटी. लेथवर पेन कातायला शिकणाऱ्याला या लाकडांचा मोह लवकरच पडतो, आणि तो पडावाही. एबनीची काळीभोर, जड, हाताला थंड लागणारी कांडी पॉलिश होऊन निघाली की साधं मेपल हातात घ्यावंसं वाटत नाही. पण नवशिक्यांची या लाकडांची पहिली पेनं बहुतेक वेळा तडकतात, आणि खापर लाकडाच्या कठीणपणावर फुटतं.

मला ते पटत नाही. धार चांगली असेल तर कठीण लाकूड कातायला उलट सोपं जातं, कारण पटाशीखालूनच ते गुळगुळीत निघतं. पेनाचं नुकसान होतं ते कातण्याच्या आधी. ठोकळा ओला राहतो, ड्रिल तापतं, तेलकट भोकात आतली पितळी नळी चिकटत नाही. म्हणून या लेखात कातण्यापेक्षा आधीच्या तयारीवर जास्त भर आहे. उदाहरणासाठी ७ मिमी नळीचं साधं ‘स्लिमलाइन’ किट (पेनाच्या तयार भागांचा संच) धरलं आहे, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. दुसरं किट असेल तर मापं बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी हे जमवा

- पेन किट आणि त्याची बुशिंग्ज. बुशिंग म्हणजे ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना बसणारी पोलादी कडी. कुठवर कातायचं ते तीच दाखवते.
- साधारण १९ मिमी चौरस आणि १३० मिमी लांब ठोकळा. पहिल्या खेपेला दोन घ्या.
- लेथ, मँड्रेल (तुकडे ओवून फिरवायचा बारीक दांडा) किंवा दोन सेंटर (टोकांना आधार देणारे शंकू), आणि मागच्या बाजूचं ६० अंशांचं फिरतं सेंटर.
- कोरं, धारदार ७ मिमी ड्रिल बिट. घरातलं जुनं बिट या कामाला चालणार नाही.
- गोल पटाशी आणि तिरपी पटाशी, किंवा कार्बाइडचं पातं असलेलं हत्यार. धार लावायची सोय हाताशी हवी, दुसऱ्या खोलीत नको.
- टोकं सपाट करायचा बॅरल ट्रिमर, व्हर्नियर कॅलिपर, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा.
- अ‍ॅसिटोन, पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सी, पातळ आणि मध्यम सायनोअ‍ॅक्रिलेट. या सुपरग्लूला पुढे ‘सीए’ म्हणतो.
- पॉलिश पेपर २४० ते ६०० नंबर, नळी घासायला १८० नंबरचा एक, आणि १५०० ते १२००० नंबरांचे मायक्रो-मेश पॅड.
- चेहरा झाकणारी ढाल, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, आणि भुसा ओढणारं यंत्र.

मास्क यादीत शेवटी आला म्हणून तो ऐच्छिक समजू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या भुकटीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यात कोकोबोलो आणि शिसव यांची ॲलर्जी वेगळीच. आज काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं नसतं. शरीर हळूहळू संवेदनशील होत जातं आणि एक दिवस मनगटावर, पापण्यांवर पुरळ उठतं. त्यानंतर त्या लाकडाला हात लावणं जवळपास संपतं. मास्क घाला, बाह्या वर करा, काम झाल्यावर हात कोपरापर्यंत धुवा. लेथवर हातमोजे मात्र कधीही घालू नका. फिरत्या ठोकळ्यात मोजा अडकला तर तो हातासकट ओढला जातो.

कागदपत्रांबद्दलही आत्ताच सांगतो. शिसव, कोकोबोलो वगैरेंची डालबर्जिया ही अख्खी प्रजाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्टांत आहे. लिग्नम व्हिटीचीही गणना दुसऱ्या परिशिष्टात होते. असं लाकूड विकत घेताना बिल मागा, त्यावर लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि ते जपून ठेवा. पेन देशाबाहेर पाठवायचं असेल तर दोन्ही देशांचे नियम आधी तपासा. पेन पाठवल्यावर ही धावपळ करायला वेळ नसतो.

१. लाकडाची खोड ओळखा

कठीणपणा मोजायला जान्का चाचणी वापरतात. ११.२८ मिमी व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते त्यात बघतात. हार्ड मेपलला साधारण १,४५० पाउंड लागतात, भारतीय शिसवाला २,४०० च्या आसपास, आफ्रिकी एबनीला ३,००० च्या थोडं वर, आणि लिग्नम व्हिटीला ४,४०० च्या जवळपास. आकडे ऐकायला भारी वाटतात, पण पेनासाठी त्यांचा उपयोग थोडाच. लाकूड कशा प्रकारे त्रास देणार, हे त्यातून कळत नाही. माझ्या मते चार खोडी ओळखायला हव्यात.

पहिली, तेलकटपणा. कोकोबोलो, शिसव, लिग्नम व्हिटी ही नैसर्गिक तेलाने आणि राळेने भरलेली असतात. लिग्नम व्हिटीत इतकी राळ असते की जहाजाच्या पंख्याचा दांडा फिरायला तिचे बेअरिंग बनवत, आणि त्यांना वेगळं वंगण लागत नसे. जे लाकूड स्वतःच वंगण आहे त्याला नळी सहजासहजी चिकटणार नाही.

दुसरी, तडकणं. एबनी आणि स्नेकवुड यांत सगळ्यात वाईट. दोन्ही अतिशय घट्ट विणीची, त्यामुळे आतला ओलावा बाहेर पडायला फार वेळ घेतो. आणि उष्णता लागली की बाहेरचा थर आतल्यापेक्षा आधी आकसतो. चीर तिथेच पडते.

तिसरी, उलटसुलट रेषे. बुबिंगा, पडौक, कधीकधी पर्पलहार्ट. एका बाजूने पटाशी लोण्यासारखी चालते, ठोकळा अर्धा वळला की ढलपी निघते. पर्पलहार्टची आणखी एक तऱ्हा आहे. बोथट हत्याराने ते तापलं की त्यातून चिकट राळ सुटते आणि धारेवर बसते.

चौथी, धार खाणं. सागवान फार कठीण नसतं, तरी त्यातल्या सिलिकामुळे पटाशी भराभर बोथट होते.

हाती आलेला ठोकळा यांपैकी कशात बसतो ते आधी ठरवा, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर त्याप्रमाणे निर्णय बदलतात. एकाच ठोकळ्यात दोन खोडी असणंही नेहमीचं आहे. पहिल्यांदाच करत असाल तर शिसव घ्या. ते तेलकट आहे पण समजूतदार आहे. स्नेकवुड सगळ्यात शेवटी.

२. ठोकळा वाळला आहे का ते बघा

इथली फसगत सर्वाधिक होते. दुकानात मिळणारे पुष्कळसे ठोकळे मेणात बुडवलेले असतात. ते मेण लाकूड तडकू नये म्हणून लावलेलं असतं, म्हणजे ते ओलं असण्याची शक्यता जास्त. चकचकीत मेण बघून ‘तयार माल’ समजणारे अनेक जण आहेत.

चारही लांब बाजूंचं मेण खरवडून काढा, दोन टोकांचं मात्र राहू द्या. ओलावा टोकांतून सगळ्यात वेगाने जातो आणि तिथेच चिरा पडतात. मग ठोकळ्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा. या मापाचा एबनीचा ठोकळा साधारण ४५ ते ५५ ग्रॅमचा भरतो, म्हणून दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा. उन्हापासून आणि पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, चहूबाजूंनी हवा लागेल असा ठेवा. आठवड्याला एकदा वजन करा. सलग तीन-चार वेळा आकडा तोच आला की लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळलं. एबनीला यात महिने जाऊ शकतात. ओव्हन किंवा मायक्रोवेव्हचा शॉर्टकट एबनी-स्नेकवुडसाठी विसरून जा.

हे एवढं का, तर पितळी नळी आकसत नाही. लाकूड तिच्याभोवती घट्ट चिकटलेलं असतं आणि वाळताना ते घेराने आकसतं. त्याला आत सरकायला जागा नसते, मग ते फाटतं. तयार पेनावर लाकडाचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा उरतो, म्हणजे ताण सहन करायलाही फारसं काही नसतं.

३. खूण करा आणि कापा

ठोकळ्याच्या एका बाजूला लांबीभर तिरकी रेघ मारा. दोन तुकडे झाल्यावर कोणतं टोक कोणत्या टोकाला भिडत होतं ते त्या रेघेवरून कळतं, आणि तयार पेनात रेषे वरून खाली अखंड दिसतात. स्नेकवुडच्या नक्षीत ही रेघ चुकली तर पेन दोन वेगळ्या पेनांचं जोडलेलं वाटतं.

प्रत्येक तुकडा नळीपेक्षा निदान ६ ते ८ मिमी लांब ठेवा. तेवढी लांबी वाया जाते असं वाटेल, पण पुढच्या पायरीत तीच तुम्हाला वाचवते.

४. भोक पाडा: घाई इथे अजिबात नको

शक्य असेल तर भोक लेथवरच पाडा. ठोकळा चार जबड्यांच्या चकमध्ये धरा, ड्रिल मागच्या टेलस्टॉकमध्ये बसवा. इथे लाकूड फिरतं आणि बिट स्थिर राहतं, त्यामुळे ते भरकटत नाही. उभ्या ड्रिल मशीनवर करायचं असेल तर ठोकळा पकडीत घट्ट आणि काटकोनात आहे ना ते तपासा. हाती धरून अजिबात नको.

वेग मिनिटाला ५०० ते ६०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. सुरुवात सेंटर ड्रिलच्या छोट्या खळग्याने करा, म्हणजे बिट कठीण रेषेवरून घसरणार नाही. त्यानंतर लय अशी: पाच-सहा मिलिमीटर आत जा, बिट पूर्ण बाहेर काढा, त्याच्या खाचांतला भुसा ब्रशने झाडा, पुन्हा पाच-सहा मिलिमीटर. ‘पूर्ण बाहेर’ यावर माझा आग्रह आहे. बिट अर्धंच मागे घेतलं तर भुसा खाचांत तसाच राहतो. तेलकट लाकडात तो दाबला जाऊन घट्ट गोळा होतो, आणि पुढच्या दाबाला बिट कापण्याऐवजी नुसतं घासायला लागतं.

भुशाकडे लक्ष ठेवा. धारदार बिटातून कोकोबोलोचे बारीक केशरी चुरे पडतात. चुऱ्यांऐवजी मैद्यासारखी पूड यायला लागली, तिचा रंग काळपटला किंवा जळका वास आला, तर थांबा. बिट बोथट झालंय किंवा खाचा भरल्या आहेत. थोड्या खेपांनंतर मशीन बंद करून ठोकळ्याला बाहेरून बोट लावून बघा. कोमट असेल तर त्याला गार होऊ द्या. या वेळात दुसरा तुकडा तयार करा, हत्याराला धार लावा, काहीही करा, पण त्या तुकड्याला हात लावू नका. एबनीत जी बारीक चीर कातल्यावर दिसते ती बरेचदा इथेच जन्मलेली असते.

दुसरा धोका शेवटी असतो. बिट मागच्या टोकातून बाहेर पडताना तिथले रेषे आधाराविना राहतात आणि टवका उडतो, कधी अर्धा ठोकळाच फुटतो. म्हणून भोक आरपार पाडू नका. जास्तीच्या त्या ६-८ मिमीमध्ये थांबा, आणि मागचं बंद टोक करवतीने कापून टाका. आरपार भोक आपोआप उघडं पडतं.

भोक पाडल्यावर लगेच नळी चिकटवायची नाही. एबनी, स्नेकवुड, ऑलिव्ह यांना निदान एक-दोन दिवस तसंच राहू द्या. आतून नवीन पृष्ठभाग उघडा पडलेला असतो, त्यामुळे उरलासुरला ओलावा तिथून जातो आणि भोकाचा आकार किंचित बदलतो. मग नळी घालून बघा. ती बोटाने सहज सरकली पाहिजे. ठोकून बसवावी लागत असेल तर तेच बिट पुन्हा एकदा हळू फिरवून भोक साफ करा. ताणून बसवलेली नळी म्हणजे आधीच अर्धी तडकलेली पेनाची कांडी.

५. नळी चिकटवा

नळी १८० नंबरच्या पेपरवर फिरवून तिची चकाकी घालवा. चकचकीत पितळाला काहीच नीट धरत नाही. नळीची दोन्ही तोंडं मऊ मेणाने किंवा खेळण्याच्या मातीने बुजवा, नाहीतर डिंक आत शिरतो आणि शेवटच्या जोडणीत किटचे भाग अडतात.

आता तेल. कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून बारीक काडीने भोकाच्या आत फिरवा. कोकोबोलो किंवा शिसव असेल तर तो बोळा पहिल्यांदा गडद केशरी-तपकिरी होऊन बाहेर येतो. नवीन घ्या, पुन्हा पुसा. बोळा जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत करत राहा. मग अ‍ॅसिटोन उडू द्या आणि लगेच चिकटवा, त्याच दिवशी संध्याकाळी नव्हे. आतलं तेल काही वेळात पुन्हा पृष्ठभागावर येतं आणि केलेली मेहनत फुकट जाते. अ‍ॅसिटोन ज्वलनशील आहे, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ठिणगी नको.

तेलकट लाकडांना मी इपॉक्सीच वापरतो. सीए झटपट धरतो हे खरं, पण तेच त्याचं दुखणं आहे. नळी अर्ध्यावर असताना तो पकडतो आणि मग ना आत ना बाहेर. शिवाय तो ठिसूळ असतो, तर इपॉक्सीत किंचित लवचीकपणा असतो. लाकूड आणि पितळ तापमानाप्रमाणे वेगवेगळं हलतात, तेव्हा तो उपयोगी पडतो. इपॉक्सी नळीवर आणि भोकाच्या तोंडाशी लावा. नळी गोल फिरवत, थोडी आत-बाहेर करत सरकवा, म्हणजे डिंक सगळीकडे पसरतो आणि कोरडी पोकळी राहत नाही. दोन्ही टोकांना थोडं थोडं लाकूड पुढे राहील अशी मधोमध बसवा.

पाच मिनिटांचं इपॉक्सी पाच मिनिटांत धरतं, पण तेवढ्यात पक्कं होत नाही. रात्रभर ठेवा.

६. टोकं काटकोनात आणा

बॅरल ट्रिमरने दोन्ही टोकं नळीला टेकेपर्यंत सपाट करा. पितळाची कडा चमकली की थांबा, त्याच्या पुढे गेलात तर नळीच आखूड होते आणि पेनाची यंत्रणा नीट बसत नाही. तडकणाऱ्या लाकडात ट्रिमर कडेचा टवका उडवू शकतो. तिथे दाब कमी ठेवा, किंवा लेथला लावलेल्या सपाट सँडिंग डिस्कवर टोक घासा. ट्रिमरची पाती बोथट असतील तर तो कापत नाही, नुसता लाकडाला जाळतो.

७. लेथवर चढवा

मँड्रेल वापरत असाल तर त्याच्या टोकाचं नट बोटांनी जेमतेम घट्ट करा. जोर लावला की मँड्रेलचा बारीक दांडा वाकतो आणि पेन गोल न होता अंडाकृती होतं. बुशिंगपाशी एका बाजूला लाकूड उंच आणि दुसऱ्या बाजूला खोल लागत असेल तर कारण बहुधा हेच. टेलस्टॉकचा दाबही तेवढाच बेताचा. थोडा सराव झाला की मँड्रेल सोडून दोन सेंटरच्या मध्ये एकेक तुकडा कातायला शिका. त्यात हा त्रास बराच कमी होतो.

८. कातणं

चौकोनी असताना १२०० ते १५०० फेऱ्या. गोल झाल्यावर २५०० ते ३००० पर्यंत चढवा. ठोकळा हाताने एकदा फिरवून तो टेकणीला लागत नाही ना ते बघा, मग ढाल खाली ओढा आणि मशीन सुरू करा.

कठीण लाकडात पहिला नियम धारेचा. काम सुरू करताना एकदा आणि शेवटचा हात फिरवायच्या आधी पुन्हा एकदा धार लावा. धार आहे की नाही हे आवाजावरून कळतं. चांगल्या धारेचा आवाज सलग सळसळता येतो आणि कातीव लांब सुटते. खडखडाट ऐकू आला आणि पूड उडायला लागली की जोर वाढवू नका, धार लावा. जोर वाढवला की उष्णता वाढते, आणि मग पुन्हा तीच चिरांची गोष्ट.

तिरपी पटाशी जमत असेल तर तिच्यासारखं हत्यार नाही. धारेचा उतार आधी लाकडावर टेकवा, मग मूठ सावकाश वर उचला. कापणं सुरू झालं की धारेच्या खालच्या अर्ध्या भागानेच कापत राहा. वरचं लांब टोक लाकडात रुतलं तर ते क्षणात खोल जातं आणि तुकडा उडतो. ही भीती वाटत असेल तर गोल कार्बाइड पातं घ्या. आधी ते आडवं, मध्यरेषेवर धरून आकार द्या. शेवटचे हात साधारण ४५ अंशांनी कलतं धरून फिरवा, म्हणजे ते खरवडण्याऐवजी कापतं.

उलटसुलट रेषांच्या लाकडात ढलपी निघायला लागली तर तिथे पातळ सीएचे दोन-तीन थेंब जिरवा, पूर्ण सुकू द्या, आणि मग अगदी उथळ हात फिरवा. रेषे जागच्या जागी बांधले जातात.

बुशिंगवर आंधळा विश्वास नको. वापरून वापरून, पेपर घासून घासून ती झिजतात. व्हर्नियरने किटचा प्रत्यक्ष भाग मोजा आणि लाकूड त्या मापाला आणा. वर सीएचा थर चढवणार असाल तर केसभर कमी ठेवा, फक्त मेण लावणार असाल तर बरोबर.

९. घासणं

१५० नंबरच्या पेपरने सुरुवात करायची सवय इथे सोडा. एबनीसारख्या काळ्या, घट्ट लाकडावर त्याचा ओरखडा पुढच्या सगळ्या नंबरांतून जिवंत राहतो आणि शेवटच्या चकाकीत उठून दिसतो. कातणं नीट झालं असेल तर २४० किंवा ३२० पुरतो. वेग अर्ध्यावर आणा. प्रत्येक नंबर झाल्यावर लेथ बंद करा, रेष्यांच्या दिशेने लांबीत घासा, आडव्या रेघा गेल्या की भुकटी पुसून मगच पुढचा नंबर.

पेपर बोटांत धरवत नाही इतका तापला तर लाकूड त्याहून जास्त तापलेलं आहे. पेपरचा तुकडा छोटा घ्या, सतत सरकता ठेवा.

फिक्या लाकडाला, म्हणजे ऑलिव्ह किंवा मेपलला, पोलादी बुशिंगची काळी भुकटी लागते आणि टोकं मळतात. घासताना बुशिंगपासून जरा आत थांबा, किंवा घासण्यापुरती प्लास्टिकची बुशिंग्ज लावा. आणि गडद-फिकं लाकूड जोडलेलं पेन असेल तर ते स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोनने पुसू नका. पडौक आणि कोकोबोलोचा रंग विरघळून शेजारच्या मेपलमध्ये उतरतो. तिथे हवेचा फवारा किंवा कोरडा ब्रशच बरा.

१०. फिनिश: लाकूड बघून निवडा

एकच फिनिश सगळ्यांना लावायचा हट्ट नको.

एबनी, आफ्रिकन ब्लॅकवुड आणि लिग्नम व्हिटी यांना मी वर काहीच चढवत नाही. मायक्रो-मेशच्या शेवटच्या पॅडपर्यंत कोरडं घासायचं, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात, मऊ कापडाने चोळून. ही लाकडं स्वतःच इतकी घट्ट आहेत की हाताच्या वापराने ती आणखी खुलतात. कार्नौबा मेणही छान, पण ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं. म्हणजे ते पसरवायला घर्षणाने लाकूड तापवावं लागतं, आणि एबनीला तेच नको असतं. लावायचंच असेल तर क्षणभर टेकवून उचला.

शिसव आणि कोकोबोलोवर जवसाचं किंवा टंगचं तेल टाळा. तेलाचं फिनिश हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. या लाकडांतली नैसर्गिक द्रव्यं नेमकी तीच क्रिया रोखतात, म्हणून थर कितीही दिवस चिकटच राहतो. त्यांना मेणविरहित शेलॅकचा एक हात देऊन लाकूड बंद करा किंवा सरळ सीए चढवा. लाखेचं फ्रिक्शन पॉलिश दिसतं सुरेख, पण रोज लिहिणाऱ्याच्या घामाने ते काही महिन्यांत मंद पडतं. टेबलावर ठेवायच्या पेनाला ठीक.

सीएचा थर सगळ्यात टिकाऊ, आणि शिकायला सगळ्यात किचकट. क्रम असा:

तेलकट लाकूड अ‍ॅसिटोनने पुसा आणि सुकू द्या. लेथ ५०० फेऱ्यांच्या आसपास. टिश्यू कागदाच्या घडीवर पातळ सीएचे थोडे थेंब घेऊन खालून हलका, एकसारखा हात फिरवा, थांबू नका. सुती कापड किंवा कापूस इथे बिलकूल वापरू नका. सीए आणि सूत एकत्र आले की जोराची उष्णता निघते, बोट भाजू शकतं. पातळचे दोन-तीन थर झाले की मध्यम सीएचे पाच-सहा. प्रत्येक थर आपापला सुकू द्या. झटपट सुकवायचा ॲक्सिलरेटर मिळतो, पण तो जास्त पडला की थरात पांढुरके बुडबुडे अडकतात, आणि मग सगळं खरवडून पहिल्यापासून. वाफेने डोळे झोंबतात, तोंड बाजूला ठेवा.

थर पक्का झाला की बुशिंगच्या सांध्यावर धारदार सुरीने गोल रेघ ओढा. तसंच ओढून काढलं तर बुशिंगला चिकटलेला सीए टोकाचा थर सोबत घेऊन उखडतो. आणि ओल्या मायक्रो-मेशने घासण्यापूर्वी दोन्ही उघड्या टोकांवर पातळ सीएचा एकेक थेंब फिरवा. हे राहिलं तर पाणी टोकातून लाकडात शिरतं आणि कडेला पांढरी कडी उमटते. लोक ती फिनिशची चूक समजतात, पण ती पाण्याची असते. टोकावर जमलेला जास्तीचा सीए पेपरवर दोन फेरे देऊन सपाट करा. मग १५०० पासून १२००० पर्यंत ओलं घासा, शेवटी प्लास्टिक पॉलिश.

११. जोडणी

नळ्यांच्या आतला डिंक काढा आणि तोंडाची कडा आतून किंचित उतरती करा. तिरक्या रेघेची खूण आता गेलेली असते, म्हणून लेथवरून काढतानाच तुकडे क्रमाने ठेवा. दाबायला छोटं प्रेस किंवा लाकडाचे तुकडे लावलेला शिकंजा चालतो. भाग सरळ रेषेत आहे ना ते दोन बाजूंनी बघून मगच सावकाश दाबा. तिरका शिरला की कठीण लाकूड वाकत नाही, फुटतं. भाग फारच घट्ट जात असेल तर नळी आतून पेपरने थोडी मोकळी करा.

आधी टोक, मग फिरकी यंत्रणा. यंत्रणा तिच्यावरच्या खुणेच्या जरा अलीकडेच थांबवा, रिफील घालून टोक किती बाहेर येतं ते बघा, आणि थोडं थोडं दाबत जा. जास्त आत गेली तर ओढून काढायला जागाच नसते. नंतर मधली कडी, क्लिप आणि टोपण.

भेट द्यायचं किंवा विकायचं पेन असेल तर दोन-तीन आठवडे स्वतःकडे ठेवा. शक्यतो वेगवेगळ्या हवेच्या खोल्यांत. कडीजवळच्या टोकांकडे भिंगाने बघा, चीर पडलीच तर तिथून सुरू होते. केसाइतकी बारीक असेल तर त्याच लाकडाची भुकटी तिच्यात चोळा, पातळ सीएचा एक थेंब सोडा, सुकल्यावर बारीक पॅडने घासा. काळ्या एबनीत ती दुरुस्ती दिसतही नाही. तीच चीर पुन्हा उघडली तर लाकूड अजून आकसतंय. किटचे भाग पंचाच्या संचाने ठोकून सोडवा आणि नवीन नळ्या घेऊन दुसऱ्या, वाळलेल्या ठोकळ्यावर लावा.